पक्षाला देणगी देण्याआधी: नोकरदारांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी आपले सेवानियम काढून वाचा. राज्य सरकारच्या नोकरीत असाल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ राजकीय चळवळीला वर्गणी द्यायलाही मनाई करतात. तुमच्यापुरती यादी इथेच संपली. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या नियमांनी हीच मनाई आहे. महामंडळात किंवा बँकेत असाल, तर आस्थापना विभागात विचारून घ्या.

खासगी नोकरीत असाल, तर देणगी स्वतःच्याच खात्यातून जाईल असं बघा. निवडणूक आली की कुणीतरी वही घेऊन टेबलाटेबलावर फिरतो, रोख गोळा करतो आणि एकाच नावावर पावती फाडतो. त्यात पैसे घालू नका. रोख देणगीवर आयकरात एका रुपयाचीही वजावट मिळत नाही. वही साहेबांची असेल तर नाही म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी म्हणा. कामगार संघटनेच्या राजकीय निधीतही सभासदाला सक्तीने पैसे भरायला लावता येत नाहीत, हे १९२६ च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. साहेबांना तो हक्क कुठून येणार?

मग पक्ष तपासा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ए खाली नोंदलेला पक्षच वजावटीला चालतो. अपक्ष उमेदवाराला किंवा अशी नोंदणी नसलेल्या स्थानिक आघाडीला मनापासून द्यायचं असेल तर जरूर द्या, पण वजावट धरू नका. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका झटक्यात ३३४ पक्ष यादीतून काढले. त्यामुळे जुन्या पावतीवरच्या नावावर विसंबू नका, आयोगाची ताजी यादी पाहा.

इथे जरा थांबा, कारण नोकरदार सगळ्यात जास्त याच ठिकाणी फसतात. ‘लाख रुपये भरा, कमिशन कापून बाकीचे परत देतो, रिफंडही मिळेल’ असं सांगणारा एजंट भेटला, तर तिथूनच मागे फिरा. ती देणगी नाहीच. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपास केला. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं, तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसतो, आणि नोटीस एजंटच्या नव्हे, तुमच्या पॅनवर येते. दर महिन्याला टीडीएस कापून घेणाऱ्या माणसाने असल्या फंदात पडू नये, असं मला कळकळीने वाटतं.

वजावट कलम ८०जीजीसीची, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या प्रणालीत ती नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या देणगीसाठी कलमाचा बदललेला क्रमांक पाहून घ्या. पावतीवर पक्षाचं नाव, पॅन, तारीख आणि रक्कम हवी. यूपीआय किंवा एनईएफटीचा व्यवहार क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड त्याच दिवशी लिहून ठेवा. विवरणपत्र भरताना दोन्ही लागतात.

रक्कम ठरवताना घरच्यांशी बोला. एका पक्षाला वर्षात २०,००० रुपयांच्या वर दिले, तर तुमचं नाव पक्षाच्या अहवालातून आयोगाकडे जातं आणि तो अहवाल कुणालाही वाचता येतो, कंपनीतल्या वरिष्ठांनाही. ते चालणार असेल तर खुशाल द्या, नसेल तर रक्कम त्याच्या आत ठेवा.