जुन्या आठशेचा सेल्फ उचलत नाही? खोलायच्या आधी एवढं बघा

आमच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, बाबांनी नवी घेतलेली आणि अजून रोज चालते. दोन वर्षांपूर्वी थंडीत सकाळी चावी फिरवली की नुसतं टक, बास, पुढे काहीच नाही. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गेला, नवीन टाका. टाकला. आठ दिवसांत परत तेच टक. शेवटी निघालं काय तर इंजिनकडून बॉडीला येणारी अर्थची वायर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी), वरून अगदी धडधाकट दिसत होती पण बोल्ट काढल्यावर खाली सगळा गंज आणि निम्म्या तारा हातात आल्या. तोपर्यंत जुना चांगला सेल्फ भंगारात गेला होता, त्याची हळहळ मला अजून वाटते. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आवाज नीट ऐका, निम्मं निदान तिथेच होतं. रात्री किंवा अंधाऱ्या जागी हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. टकटकटकटक असा भराभर आवाज आणि लाइट मरगळले तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जोरात टक आणि लाइट तसेच राहिले तर सोलेनॉइडचे (सेल्फवरचा चुंबकी स्विच) आतले कॉन्टॅक्ट जळलेत, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत किंवा आमच्यासारखी अर्थची वायर गेलीय. काहीच आवाज नाही तर सोलेनॉइडपर्यंत चावीचा करंटच पोचत नाहीये. मोटर घुईंऽऽ करून मोकळी फिरते पण इंजिन हलत नाही तर बेंडिक्स (सेल्फचे दात इंजिनच्या रिंगमध्ये अडकवणारा भाग) गेलं. आणि खर्रर्र असं दात घासल्यासारखं आलं तर लगेच थांबा, फ्लायव्हीलची (इंजिनच्या जड चाकाची) दातेरी रिंग खराब झाली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

काम सुरू करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरला जाणारी मधली वायर काढून अर्थला लावून ठेवा म्हणजे टेस्ट करताना इंजिन चालू होणार नाही. बोटातली अंगठी, हातातलं कडं काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागलेल्या पान्याला आणि गाडीच्या बॉडीला कडं एकदम लागलं तर कातडी भाजून निघते.

मल्टिमीटर साधा कुठलाही चालतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ दाखवली तर ती साधारण निम्मी उतरलीय, आधी चार्ज करा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. चार्ज करूनही खाली जात असेल तर बॅटरी संपली असण्याची शक्यता जास्त, दुकानात लोड टेस्ट करून घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, पॉलिश पेपरने आतून घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

आता खरी टेस्ट, जी आमच्यावेळी कोणीच केली नाही. तिला व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते बघणं) म्हणतात आणि ती करंट वाहत असतानाच कळते, त्यामुळे एकाला आत बसवून सेल्फ मारायला सांगा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच), दुसरी सेल्फवरच्या जाड केबलच्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर केबल खराब. मग एक पिन निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर, इथे ०.३ च्या आतच हवं. आमच्या गाडीत इथे ३ च्या वर आलं होतं, म्हणजे बॅटरीचा पाव जोर अर्थमध्येच जात होता! शेवटी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर पिना लावा. टक वाजूनही तिथे जवळजवळ १२ व्होल्ट तसेच राहिले तर आतली तांब्याची चकती जळलीय.

काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर चावी फिरवून व्होल्टेज बघा. ८-९ च येत असेल तर सेल्फ खोलू नका, इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. जुन्या आठशेमध्ये हे फार होतं. नवा स्विच टाका किंवा ४० अँपिअरचा रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवा, आकडे त्याच्या पिनांचे आहेत: ८६ ला स्विचची बारीक वायर, ८५ अर्थ, ३० ला बॅटरीतून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून वायर, ८७ वरून सोलेनॉइड.

बॅटरी, वायरी आणि स्विच सगळं बरोबर निघालं तरच सेल्फ उतरवा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची आणि लावताना सगळ्यात शेवटी, हे विसरू नका. केबल सोडवा, बोल्ट काढा, सेल्फ हाताने धरून ठेवा कारण तो लहान दिसला तरी चांगला जड असतो. मागचं झाकण उघडलं की कार्बनची काळी पूड बाहेर येईल, ब्रशने झाडा. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्याहून कमी राहिले असतील किंवा आपल्या होल्डरमध्ये अडकत असतील तर बदला, जुनं काढून नवीन झाळावं लागतं आणि तिथे मोठा सोल्डर गन लागतो, छोट्याने झाळ पक्की बसत नाही. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बारीक सँडपेपरनेच साफ करा, एमरी पेपर वापरू नका, तिचे कण करंट वाहून नेतात आणि पट्ट्यांच्या फटीत अडकून शॉर्ट करतात. फटीतली पूड सुईने हलकेच काढा. बुश (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) ढिले झाले असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) चुंबकांना घासतं, त्यावर चकाकणारे ओरखडे दिसतात. नवे बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवून मग बसवा. बेंडिक्स मात्र पेट्रोलमध्ये बुडवू नका, आतल्या क्लचचं ग्रीस धुऊन जातं आणि महिन्याभरात ते मोकळं फिरायला लागतं. फडक्याने पुसा, बास. बोटाने फिरवून बघा, एका बाजूला सहज फिरायला हवं आणि उलट्या बाजूला अजिबात नाही.

बसवायच्या आधी व्हाइसमध्ये पकडून जंपर केबलने चालवून बघा, दात बाहेर येऊन फिरायला पाहिजेत, पण दोन-तीन सेकंदच. नुसत्या हाताने धरून चालवू नका, सुरू होताना सेल्फ हातातून जोरात उसळतो.

गाडीवर बसवताना सेल्फ जिथे टेकतो ती जागाही घासून चकचकीत करा, अर्थ तिथूनच मिळतो. आणि पुढे कधीही सेल्फ मारताना दहा सेकंदांच्या वर चावी धरू नका, अर्धा मिनिट थांबा, मग परत मारा.

रस्त्यात अडकलात तर सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या मुठीने हलकेच दोन-तीन टोले देऊन बघा, अडकलेला कार्बन सुटून गाडी घरी पोचण्यापुरती चालू होते. दात रिंगमध्ये अडकले असतील तर चावी बंद करून टॉप गिअरमध्ये गाडी पुढेमागे हलवा. टक असा आवाज येऊन सुटतात.