चढावर पेडलची कटकट: माझा अनुभव

जांबोटी रस्त्याच्या चढावर सायकलच्या पेडलवर उभं राहून जोर दिला की दर फेऱ्याला एक ‘कट्’. सपाटीवर आवाज बंद. चेनला तेल, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधल्या आसाचं बेअरिंग) नवा, सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) ग्रीस, फरक शून्य. डोकं फिरायची वेळ आली.

आवाज पेडलच्या आट्यांत होता. पावसात तिथलं ग्रीस धुऊन जातं आणि तांबडी माती शिरते.

चेन पुढच्या मोठ्या दातेरी चक्रावर घ्या, म्हणजे दाते हाताला लागत नाहीत. १५ मिमीच्या पान्याने उजवं पेडल घड्याळाच्या उलट फिरवून काढा. डावं मात्र घड्याळाच्या दिशेने, त्याचे आटे उलटे असतात. (क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, खराब होते ती बहुतेक इथेच.) पेडलचे आणि क्रँकचे आटे रॉकेलच्या फडक्याने पुसा, सुकू द्या, ग्रीस लावा. सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्या, अडलं तर काढून पुन्हा लावा, मगच पान्याने आवळा.

आता चोर्ला घाटातही आवाज नाही.