फोक्सवॅगनचा इतिहास लिहायचा असेल, तर आधी मालक शोधा

फोक्सवॅगनवर लेख लिहायला बसलेला माणूस बहुधा गाडीपासून सुरुवात करतो. बीटलचा गोल माथा, मागच्या बाजूला बसवलेले हवेने थंड होणारे इंजिन, पुढे गोल्फ आणि शेवटी डिझेल प्रकरण, असा क्रम ठरलेला असतो. अशा लेखात घटना सगळ्या येतात, पण एकीचा दुसरीशी सांधा लागत नाही. नाझी राजवटीत उभा राहिलेला कारखाना ब्रिटिशांनी पुन्हा का चालू केला, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एका राज्य सरकारचा शब्द इतका जड का, आणि तेथील कामगार संघटनांना कारखाना हलवण्याच्या निर्णयावरही हक्क कसा मिळाला, या प्रश्नांची उत्तरे गाडीत नाहीत, ती मालकीत आहेत. म्हणून या कंपनीचा इतिहास आणि तिची पत यांविषयी लिहिणाऱ्याने प्रत्येक कालखंडापाशी थांबून ‘या घडीला कारखाना कोणाचा होता?’ हे आधी विचारावे आणि मगच गाडीकडे वळावे, असे मी सुचवतो.

लिहिण्यापूर्वी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत: वर्ष, मालक, आणि त्या वर्षी प्रत्यक्ष वापरात असलेली नावे. तिसरा रकाना किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक चुका तेथेच सापडतात. जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने जून १९३४ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांच्याशी स्वस्त गाडीच्या आराखड्याचा करार केला, तेव्हा फोक्सवॅगन नावाची कंपनी नव्हती. कंपनीची स्थापना २८ मे १९३७ रोजी बर्लिनमध्ये झाली. कारखान्याची पायाभरणी २६ मे १९३८ रोजी फालर्सलेबनजवळ झाली, आणि त्या वेळी हिटलरने गाडीला ‘केडीएफ-वागन’ असे नाव जाहीर केले. ‘केडीएफ’ म्हणजे ‘क्राफ्ट डुर्ख फ्रॉयडं’, अर्थात ‘आनंदातून शक्ती’, हे नाझी राजवटीच्या करमणूक-सहली आयोजित करणाऱ्या संघटनेचे नाव. शेजारी वसवलेल्या गावाचे नावही ‘केडीएफ-वागनचे शहर’ असेच होते. वोल्फ्सबुर्ग हे नाव त्याला २५ मे १९४५ रोजी मिळाले. तेव्हा ‘१९३८ साली वोल्फ्सबुर्गमध्ये’ असे वाक्य आपल्या मसुद्यात सापडले, तर ते तेथल्या तेथे दुरुस्त करावे, आणि दुसऱ्याच्या लेखात सापडले, तर त्या लेखातील बाकीच्या तारखाही एकदा पडताळून पाहाव्यात.

आता पहिला मालक. कारखाना उभारला तो ‘जर्मन श्रमिक आघाडी’ने. ही आघाडी कामगारांची संघटना म्हणवून घेत असली, तरी मे १९३३ मध्ये नाझींनी स्वतंत्र कामगार संघटना मोडून काढल्यावर त्यांच्या जागी आणलेली ती सरकारी यंत्रणा होती, आणि मोडलेल्या संघटनांकडून जप्त केलेल्या मालमत्तेचा पैसा या कारखान्याच्या उभारणीत गेला. हे वाक्य लेखात ठळकपणे यावे. वीस-पंचवीस वर्षांनी मालकीचा वाद पेटला, तो याच पैशावरून.

गाडी विकत घेण्याची पद्धत जवळून पाहिली, तर त्या काळाच्या प्रचाराचा पोकळपणा कोणत्याही विशेषणाशिवाय कळतो. ग्राहकाला बचतकार्ड मिळे, त्यावर दर आठवड्याला ५ मार्कांचे तिकीट चिकटवायचे. गाडीची किंमत ९९० मार्क, म्हणजे १९८ तिकिटे, म्हणजे पावणेचार वर्षांहून अधिक काळ न चुकता केलेली बचत. या ठेवीवर व्याज नव्हते. तीन लाख छत्तीस हजारांहून अधिक लोकांनी अशी कार्डे घेतली आणि त्यांपैकी एकाच्याही दारात गाडी आली नाही. युद्धानंतर काही ठेवीदार न्यायालयात गेले. वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्यांनंतर १९६१ मध्ये तडजोड झाली, ती नव्या गाडीवर सहाशे मार्कांपर्यंत सूट किंवा शंभर मार्क रोख अशी. ‘सर्वसामान्यांची गाडी’ हे शब्द १९३८ च्या संदर्भात वापरताना अवतरणचिन्हांत ठेवावेत, ते यासाठीच.

युद्धकाळाविषयी ‘कारखान्यात लष्करी वाहने तयार झाली’ एवढ्या एका वाक्यावर भागवण्याचा मोह अनेकांना होतो. क्यूबेलवागन आणि पाण्यातही चालणारी श्विमवागन ही वाहने तेथे झाली हे खरे, आणि व्ही-१ या उडत्या बाँबच्या निर्मितीतही कारखान्याचा हात होता. पण ही कामे कोणी केली, हे सांगितल्याशिवाय परिच्छेद पूर्ण होत नाही. सुमारे वीस हजार वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावणीतील बंदी यांना तेथे राबवण्यात आले. पोलिश आणि सोव्हिएत मजूर स्त्रियांची अर्भके त्यांच्यापासून काढून घेऊन कारखान्याच्या ताब्यातील बालगृहात ठेवली जात. हे बालगृह पुढे र्‍यूएन या गावी हलवले गेले, आणि तेथे तीनशेहून अधिक अर्भके आबाळीने व आजाराने दगावली. या कालखंडासाठी इतिहासकार हान्स मोमझन यांच्या नेतृत्वाखाली झालेला अभ्यास आधार म्हणून घ्यावा. तो कंपनीने १९८६ मध्ये सोपवला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीच्या पैशावर झालेले संशोधन म्हणून वाचकाला शंका येऊ शकते, म्हणून ही बाब लेखात लपवू नये. मात्र कंपनीला अडचणीची ठरणारी माहितीच त्यात विपुल आहे, हेही त्याच वाक्यात सांगावे.

दुसरा मालक म्हणावा तर मालक नव्हे, ताबेदार. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य तेथे पोहोचले आणि जूनपासून कारखाना ब्रिटिश लष्करी प्रशासनाकडे आला. या टप्प्यावर मेजर आयव्हन हर्स्ट यांची कथा सांगण्यास सगळेच उत्सुक असतात, आणि ती सांगण्यासारखी आहेच: उद्ध्वस्त शेडमध्ये यंत्रे जुळवून, लष्करी रंग दिलेली एक गाडी वरिष्ठांना दाखवून ऑगस्ट १९४५ मध्ये वीस हजार वाहनांची मागणी मिळवली गेली आणि २७ डिसेंबर १९४५ रोजी नियमित उत्पादन सुरू झाले. परंतु येथेही आपला प्रश्न विचारावा. ब्रिटिशांना मोटार कंपनी उभी करायची नव्हती. ताब्यातील प्रदेशाचा कारभार चालवायला त्यांना वाहने हवी होती आणि जवळच्या कारखान्यात ती होऊ शकत होती. मोठ्या परदेशी कंपन्यांनी हा कारखाना फुकट मिळत असतानाही नाकारला, अशी एक चटकदार गोष्ट संवादांसह सांगितली जाते. तो संवाद निरनिराळ्या तोंडी घातलेला आढळतो, म्हणून तो वापरू नये. त्याऐवजी नोव्हेंबर १९४५ मध्ये निवडणुकीने कामगार मंडळ स्थापन झाले, ही कोरडी वाटणारी नोंद घ्यावी. पुढील कथेला तिचा उपयोग अधिक आहे.

ब्रिटिशांनीच १ जानेवारी १९४८ पासून हाइनरिश नॉर्डहोफ यांना प्रमुख नेमले. ते ओपेल या मोटार कंपनीतून आलेले अनुभवी व्यवस्थापक, पण जर्मनीच्या अमेरिकी ताब्यातील विभागात त्यांना व्यवस्थापकपदी काम करण्याची मुभा नव्हती. ऑक्टोबर १९४९ मध्ये ब्रिटिशांनी कारखाना जर्मन संघराज्य सरकारच्या हवाली केला आणि त्याचा कारभार, कारखाना ज्या राज्यात आहे त्या नीडरजाक्सनकडे सोपवला. यानंतरची दहा-अकरा वर्षे या इतिहासातील सर्वांत विलक्षण आहेत, असे माझे मत आहे. याच काळात ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी बीटल बाहेर पडली, कंपनी जर्मनीच्या आर्थिक पुनरुत्थानाचे प्रतीक मानली जाऊ लागली, आणि तरीही ती नेमकी कोणाची याचा निकाल लागलेला नव्हता. संघराज्य सरकार हक्क सांगत होते, राज्य सरकार सांगत होते, आणि कारखाना आमच्याकडून हिसकावलेल्या पैशातून उभा राहिला, असे कामगार संघटनांचे म्हणणे होते.

निकाल लागला १९६० च्या ‘फोक्सवॅगन कायद्या’ने. ६० टक्के शेअर जनतेला विकले गेले, संघराज्य आणि राज्य यांनी प्रत्येकी २० टक्के ठेवले, आणि संघटनांनी मालकीचा दावा सोडून निर्णयप्रक्रियेत वाटा घेतला. कोणत्याही भागधारकाला २० टक्क्यांहून अधिक मते देता येणार नाहीत, मोठ्या ठरावांना ८० टक्के बहुमत लागेल, आणि नवा कारखाना उभारायचा किंवा असलेला हलवायचा तर पर्यवेक्षक मंडळात, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या आणि कामगार प्रतिनिधीही असलेल्या मंडळात, दोन-तृतीयांश संमती लागेल, अशी कलमे त्यात होती. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २००७ मध्ये या कायद्यातील काही तरतुदी अमान्य केल्यानंतर मतांची मर्यादा काढण्यात आली, पण ८० टक्क्यांची अट कायम राहिली आणि २०१३ मध्ये सुधारित कायदा न्यायालयात टिकला. नीडरजाक्सनकडे आजही २० टक्के मते आहेत, म्हणजे मोठा ठराव रोखण्याची ताकद आहे.

एवढा पाया घातल्यावर गाड्यांचा भाग लवकर उरकता येतो. जाहिरातीवर मात्र थोडे थांबावे, कारण कंपनीची अमेरिकेतील प्रतिमा घडवण्यात १९५९ पासून न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाख या संस्थेचा मोठा वाटा होता. ‘थिंक स्मॉल’ ही जाहिरात शब्दांत वर्णन करून दाखवावी: जवळजवळ सगळे पान मोकळे, वरच्या डाव्या बाजूला चिमुकली बीटल आणि खाली प्रांजळ, किंचित मिश्कील मजकूर. हिटलरच्या आश्रयाने जन्मलेली गाडी अमेरिकेत लोकप्रिय करणाऱ्या या संस्थेचे विल्यम बर्नबाख स्वतः ज्यू होते. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा उत्पादनाचा विक्रम १,५०,०७,०३४ व्या गाडीने मागे टाकला, आणि दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, कंपनी मोठ्या तोट्यात होती. एकाच गाडीवर किती काळ विसंबून राहिल्याने ही वेळ आली, हे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की वेगळे सांगावे लागत नाही. पुढे पाणी खेळवून थंड होणाऱ्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पसाट आणि गोल्फ यांनी कंपनीला सावरले.

२००८ चा प्रसंग अनेक लेखक आर्थिक पानावरचा म्हणून वगळतात; तो वगळू नये. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला फर्डिनांड पोर्शे यांच्या वंशजांच्या पोर्शे या कंपनीने जाहीर केले की शेअर आणि करार मिळून फोक्सवॅगनचा सुमारे ७४ टक्के हिस्सा आपल्या हाती आहे. राज्याचे २० टक्के वगळता बाजारात सहा टक्केही उरत नव्हते, भाव पडतील म्हणून उसने शेअर विकून बसलेल्यांची ते परत विकत घेण्यासाठी धावपळ उडाली आणि दोन दिवसांत भाव हजार युरोंच्या वर गेला. शेवटी कर्जाच्या ओझ्याने वाकलेल्या पोर्शेची मोटार कंपनीच फोक्सवॅगनच्या पोटात गेली, पण त्या वंशजांचे पोर्शे-पिएश घराणे मतांच्या बळावर वरचढ राहिले.

डिझेल प्रकरण लिहिताना ‘घोटाळा’ हा शब्द पहिल्या वाक्यात न आणता यंत्र काय करीत होते ते आधी सांगावे. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी असते; चाके फिरतात, पण सुकाणू हलत नाही आणि वेगाचा आलेख ठरावीक असतो. ईए १८९ या इंजिनाच्या नियंत्रणातील संगणकीय आज्ञावली ही लक्षणे ओळखे आणि तेवढ्यापुरती नायट्रोजन ऑक्साइड रोखणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवी. रस्त्यावर ती सैल पडे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजणीची उपकरणे गाडीतच ठेवून लॉस एंजेलिस ते सिअ‍ॅटल आणि परत असा सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा ही तफावत आकड्यांत दिसली. त्यांचा अहवाल २०१४ मध्ये आला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोटीस काढली, पाच दिवसांनी प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला, आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली असल्याचे कंपनीने मान्य केले. २०१७ मध्ये अमेरिकेत कंपनीने फौजदारी गुन्हा कबूल केला आणि दंड ४३० कोटी डॉलरचा झाला. येथे आपला प्रश्न पुन्हा उपयोगी पडतो: पर्यवेक्षक मंडळावर घराणे, राज्य आणि कामगार प्रतिनिधी यांचेच प्राबल्य असताना, परका आणि अप्रिय प्रश्न विचारणारा माणूस तेथे किती उरला होता? हे अनुमान आहे, म्हणून ते अनुमान म्हणूनच लिहावे.

पत या विषयावर वेगळा परिच्छेद लिहायचा असेल, तर ‘जर्मन दर्जा’ यासारखा मोघम शब्द टाळून, कोणाच्या लेखी, कोणत्या देशात आणि कोणत्या वर्षी पत होती, हे सांगावे. फोक्सवॅगन हा ब्रँड आणि फोक्सवॅगन समूह यांतही गल्लत करू नये. ऑडी, स्कोडा, सेआट, बेंटली, लॅम्बोर्गिनी आणि पोर्शे एकाच छत्राखाली असले, तरी प्रत्येकाची कीर्ती वेगळी मिळवलेली आहे. अलीकडच्या काळासाठी २० डिसेंबर २०२४ चा करार पाहावा: १९९४ पासूनची नोकरीची हमी कंपनीने मोडीत काढल्यावर झालेल्या या समझोत्यात २०३० पर्यंत जर्मनीतील पस्तीस हजारांहून अधिक जागा कमी करायचे ठरले, तेही सक्तीची कपात न करता. असा तोडगा का निघाला, हे १९६० चा परिच्छेद वाचलेल्याला पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही.

मसुदा पूर्ण झाल्यावर मालकांचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत भरावा आणि तो भरताना मते व भांडवल यांचे टक्के वेगवेगळे लिहावेत, कारण पोर्शे-पिएश घराण्याच्या कंपनीकडे भांडवलाचा एक-तृतीयांशाहून कमी भाग असूनही मते निम्म्याहून अधिक आहेत, आणि हे दोन आकडे एकमेकांच्या जागी छापलेले मी अनेकदा पाहिले आहेत.