फुप्फुसातला पर्णकृमी ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या व्हाळांवरून (ओढ्यांवरून) विद्यार्थी मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, घेऊन येतात. कल्ले आणि मांस कुटून, पाण्यात दोन-तीनदा निवळून घेतलं की सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल पुटी दिसायला लागतात, आणि कुणीतरी हमखास ओरडतं, "मॅडम, पॅरागोनिमस!" पॅरागोनिमस म्हणजे फुप्फुसातल्या पर्णकृमीचा वंश. पहिली चूक इथेच होते. खेकड्यात पुटी करून राहणारे पर्णकृमी पुष्कळ आहेत. मायक्रोफॅलिड कुळातले तर सर्रास सापडतात. पॅरागोनिमसच्या मेटासरकेरियात (पुटीतल्या अळीत) मधोमध कणांनी भरलेली मोठी, गडद उत्सर्जन पिशवी असते आणि तिच्या दोन्ही अंगांनी नागमोडी आतडी जातात. हे स्वच्छ दिसेपर्यंत वहीत नाव लिहायचं नाही. आणि कुटताना हातमोजे हवेतच, कारण याच पुटी पोटात गेल्या की माणसाला बाधा होते.

तुलनेसाठी आमच्याकडे येतं ते साहित्य ईशान्य भारतातलं. मणिपूर, नागालँड, अरुणाचलमध्ये हा आजार आहे आणि खोकल्यातून रक्त पडतं म्हणून कित्येकांवर आधी क्षयाचे उपचार होतात. तिथे माणसाला बाधणारा मुख्य कृमी पॅरागोनिमस हेटरोट्रेमस. त्याच भागातल्या खेकड्यांत याच वंशातली दुसरी जात, पॅरागोनिमस वेस्टरमनीही आढळते. थुंकीतल्या अंड्यावरून या दोघांतला फरक सांगायचा मोह आवरा. अंडं साधारण ८० ते १२० मायक्रोमीटर लांब, सोनेरी-तपकिरी, एका टोकाला झाकण असलेलं. त्यावरून वंश कळतो, पण जातींची मापं एकमेकांत मिसळतात.

प्रौढ कृमीत मुखशोषक आणि उदरशोषक मोजतात. हेटरोट्रेमसमध्ये मुखशोषक उदरशोषकाच्या जवळजवळ दुप्पट असतो. नावाचा अर्थच 'वेगवेगळी छिद्रं'. पण कृमी जिवंतपणीच थंड फॉर्मेलिनमध्ये टाकला तर तो आक्रसतो, आणि काचेखाली जोरात दाबला तर शोषक पसरतात. मग ते गुणोत्तर कृमीचं राहत नाही, तुमच्या हाताचं होतं. आधी गरम पाण्यात शिथिल करून मारा, हलकाच दाब द्या, शक्य तितके नमुने मोजा आणि सरासरीबरोबर पल्लाही लिहा. अंडाशय नीट पाहा: वेस्टरमनीत बहुधा सहा साधे खंड, हेटरोट्रेमसमध्ये बारीक फांद्या. त्वचेवरचे काटे ओहिराईसारख्या जातीत झुपक्यांनी येतात म्हणून उपयोगी पडतात. या दोघांत मात्र ते सुटेच असतात, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त लागते ती. एकदा फुप्फुसातल्या पुटीतून काढलेली कृमींची सुंदर जोडी आमच्याकडे आली, थेट फॉर्मेलिनमधून. स्लाइड इतकी छान झाली की अंडाशयाचा खंड न् खंड मोजता आला. डीएनए मात्र तुकडे तुकडे झालेला. पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या चाचणीची) पट्टी शेवटपर्यंत उमटली नाही. तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे: फॉर्मेलिनच्या आधी कडेचा छोटासा तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये, उरलेला कृमी स्लाइडसाठी. तुकडा कडेचाच का? हे कृमी पुटीत बहुधा जोडीनं राहतात, आणि मधल्या भागातल्या शुक्रग्राहिकेत (शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीत) जोडीदाराचे शुक्राणू असतात. मधला भाग घेतला तर दोघांचा डीएनए एकत्र येतो.

शुक्रग्राहिका रिकामी दिसली तर तीही खूण आहे. वेस्टरमनीचे द्विगुणित कृमी २२ गुणसूत्रांचे, त्रिगुणित ३३ चे. त्रिगुणित अनिषेकजननानं, म्हणजे शुक्राणूंशिवाय, वाढतात, म्हणून ती रिकामी. जात ओळखायला वाचतात त्या आयटीएस-२ या डीएनए-भागाच्या आलेखात दुहेरी शिखरं आली की लगेच नमुना अशुद्ध म्हणून फेकू नका. एकाच जिवात दोन प्रती असू शकतात. क्लोन करून तपासा.

आयटीएस-२ सारखा आला म्हणजे जात एकच, असंही धरू नका. वेस्टरमनीत तो भाग फारसा बदलत नाही. जपान-चीनचे आणि मलेशिया-फिलिपिन्सचे कृमी वेगळे पडतात ते कॉक्स-१ या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकावर. कॉक्स-१ चं प्रथिनात भाषांतर करताना मात्र संगणकावर संकेतसारणी ९ (चपट्या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियाची) निवडा. नेहमीची सारणी वापरली की टीजीए हा तीन अक्षरांचा संकेत 'थांबा' म्हणून वाचला जातो, आणि मुलं चांगला क्रम छद्मजनुक (निकामी झालेली प्रत) समजून टाकून देतात. चपट्या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियात तोच टीजीए ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा संकेत असतो. सारणी ९ लावूनही मधेच थांबा आला, तर मग छद्मजनुकाची शंका खरी.

ब्लास्टमध्ये (जमा केलेल्या क्रमांशी आपला क्रम जुळवणाऱ्या शोधात) सगळ्यात वर आलेलं नाव हे कुणीतरी जमा करताना लिहिलेलं नाव आहे, एवढंच. फॅसिओला हा दूरचा पर्णकृमी बाह्यगट (तुलनेचा बाहेरचा आधार) म्हणून घेऊन वंशवृक्ष काढा आणि भारत-श्रीलंकेचे क्रम त्यात असू द्या. वेस्टरमनीचं वर्णन कर्बर्टनं १८७८ मध्ये केलं ते युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघांतल्या कृमींवरून, त्यामुळे इथल्या नमुन्यांना तुलनेत वजन आहे. (वर्षभरानं फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात, माणसाच्या फुप्फुसात हा कृमी पहिल्यांदा सापडला, तो माणूस पोर्तुगीज होता, हे गोव्यातल्या मुलांना सांगितलं की ती लक्षात ठेवतात.)

इथेनॉलमधल्या तुकड्याची नळी आणि स्लाइड, दोन्हींवर एकच क्रमांक घाला. नळीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून आत टाका. इथेनॉलमध्ये पेनाची शाई विरघळते आणि आपल्याकडच्या पावसात बाहेरचा कागद गळून पडतो.