कमिट करताना या चुका टाळा

‘चेंजेस’, ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल २’. हिंगणघाट असो की वणी, नवशिक्या पोरांचा गिट लॉग (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली नोंदींची यादी) उघडला की हेच वाचायला मिळतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिवसभराचं काम एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, कोंबणं. समजा, जिनिंगमधल्या कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर आहे. नियम असा, की ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल नाकारायचा. कोणीतरी ती अट लिहिताना ‘१२ पेक्षा जास्त’ऐवजी ‘१२ किंवा जास्त’ केलं. त्याच सपाट्यात पावतीचा फॉन्ट वाढवला, आणि एडिटरने सेव्ह करताना अख्ख्या फाइलची मांडणी बदलली ती वेगळीच. संदेश काय, तर ‘पावती अपडेट’. ऐन हंगामात बरोबर १२ टक्के भरलेली गाडी काट्यावरून परत जाते आणि गेटवर भांडण पेटतं. आता गिट रिव्हर्टने कमिट उलटवावा तर फॉन्टही जातो. कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये बदलली ते सांगणारं गिट ब्लेम पाहावं तर प्रत्येक ओळ त्याच कमिटच्या नावावर. गिट बायसेक्ट हजार कमिटमधून दहाएक तपासण्यांत दोषी कमिट काढून देतं, पण त्या कमिटमध्येच सहाशे ओळी असतील तर पुढचं शोधणं हातानेच.

यावर बदल तुकड्या-तुकड्याने निवडायला गिट ॲड -पी वापरा. तुकडा कमिटमध्ये घ्यायचा तर वाय, नाही तर एन, तुकडा मोठा असेल तर एस दाबून फोडा. नवीन फाइल यात दिसत नाही. तिच्यासाठी आधी गिट ॲड -एन, त्यातला एन मोठ्या लिपीतला. मग गिट डिफ --स्टेज्ड देऊन डिफ, म्हणजे निवडलेल्या बदलांच्या ओळी, वाचा. मांडणीचे बदल कायम वेगळ्या कमिटमध्ये.

‘लाइन जाणार होती म्हणून सगळं एकदम टाकलं’ हे कारण तर अजिबात चालणार नाही. कमिट आपल्याच लॅपटॉपवर होतो, त्याला नेट लागत नाही. नेट पुशला, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवायला, लागतं. बॅटरीवर चार छोटे कमिट करा, पुश लाइन आल्यावर.

संदेशाची पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास, दुसरी रिकामी, पुढच्या ओळी ७२ पर्यंत. रिकामी ओळ विसरलात तर लॉगच्या एका ओळीच्या यादीत सगळा परिच्छेद शीर्षक म्हणून चिकटतो. काय बदललं ते डिफ सांगतोच. का बदललं ते लिहा:

ओलाव्याच्या मर्यादेत १२ टक्के धरा

बरोबर १२ टक्के भरलेला माल नाकारला जात होता.
नियमाप्रमाणे फक्त १२ च्या वरचा नाकारायचा.

गिट कमिटला -एम लावून संदेश एका ओळीत उरकायची सवय सोडा. गिट कमिट -व्ही दिलं की एडिटरमध्ये खाली डिफ दिसतो, आणि डिफ समोर असताना ‘फिक्स’ लिहायला थोडी तरी लाज वाटते. विम या एडिटरमध्ये अडकायची भीती असेल तर सोपा नॅनो लावून घ्या, त्यात कमीपणा नाही.

जुना कोड कमेंट करून ठेवू नका. उडवा, गिटमध्ये तो आहेच.

पुश केलेल्या सामायिक ब्रँचवर (सगळे मिळून वापरतात त्या कोडच्या शाखेवर) अमेंड, म्हणजे झालेला कमिट बदलणं, नको. बाकीच्यांच्या पुलची, म्हणजे सर्व्हरवरून बदल ओढून घेण्याची, वाट लागते.

पासवर्डची फाइल कमिट होऊन पुश झाली? पुढच्या कमिटमध्ये ती उडवली तरी इतिहासात राहते. आधी पासवर्ड बदला. मग गिट आरएम --कॅश्ड करून (फाइल लॅपटॉपवर राहते, गिटच्या नोंदीतून निघते) ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, टाका, कारण गिट आधीपासून नोंद ठेवत असलेल्या फाइलवर नुसत्या गिटइग्नोरचा काही परिणाम होत नाही.