बॉक्सिंग सुटायच्या आधीच पुढचं बघून ठेवा

रत्नागिरीत नवीन पोरं विचारतात, दादा कधी थांबायचं? कागदावर उत्तर सोपंय, एलिट म्हणजे मोठ्यांच्या गटात वयाची ४० ची मर्यादा आहे, मेरी कोमलासुद्धा ती चुकली नाही. पण शरीर त्याच्या बरंच आधी सांगायला लागतं. समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दिसतो, अगदी नीट दिसतो, पण मान बाजूला घेईपर्यंत तो नाकावर बसलेला असतो. दम कमी पडला तर पळून वाढवता येतो, हा मान हलवायचा वेग नाही वाढवता येत.

मग एक होतं, तुम्ही नकळत पोरांचे स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावाच्या लढतीतले जोडीदार, होऊन बसता. सीनियर आहे, सांभाळून घेईल म्हणून रोज कुणीतरी समोर उभा. हे करू नका. मॅच नसताना डोक्यावर खाल्लेले फटकेही मोजले जातातच, आणि स्पारिंगनंतर डोकं दुखत राहिलं, धूसर दिसायला लागलं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ डॉक्टर. पोरांना ठोसे मारायला हातात पॅड धरा, तेवढं बास.

आता कामाचं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण सर्टिफिकेट क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं आणि कुठली स्पर्धा, कितवा नंबर यावर कुठल्या पदाला चालणार ते ठरतं, त्यामुळे जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच करून टाका. आणि सर्टिफिकेटं भिंतीवर फ्रेम करून लावू नका हो! आपल्याकडे एका पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते, शाई पसरते, वाळवी लागली तर विषयच संपला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात वरच्या खणात ठेवा, स्कॅन वेगळं.

कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा, तेवढा वेळ नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. वयाची अट फॉर्म भरायच्या आधी वाचा. खेळत असतानाच केलेलं बरं, कारण नंतर घरचे म्हणतात आता तरी कमवायला लाग.

खाण्याचंही बघा, वजन उतरवायला जे भात-कालवण वर्षानुवर्षं ताटातून बाजूला सारलं ते ट्रेनिंग थांबलं की दुप्पट खाल्लं जातं. सकाळचं पळणं चालू ठेवा.

आणि क्लास काढलात तर फी पहिल्या महिन्यापासून घ्या, थोडी का होईना. फुकट शिकवलं तर जुलैत हॉलमध्ये तुम्ही आणि पंचिंग बॅग दोघंच.