जुने ब्रिटिश थिएटर प्रोग्राम जमवायचेत? आधी साल ओळखायला शिका

जुने थिएटर प्रोग्राम, म्हणजे नाटकाला आलेल्या प्रेक्षकांसाठी नटांची नावं वगैरे छापलेली पत्रकं, कसे जमवायचे यावर जे काही वाचायला मिळतं ना त्यात सगळीकडे तेच तेच असतं, आवडेल ते घ्या, उन्हात ठेवू नका, हात धुऊन हाताळा. अरे ते कुणालाही कळतं. जे कुणी सांगत नाही ते हे, की ब्रिटनमधल्या कितीतरी जुन्या प्रोग्रामवर साल छापलेलंच नसतं. वार असतो, तारीख असते, महिना असतो, "सोमवारपासून आठवडाभर" असं असतं, साल मात्र नाही. आणि यात छापणाऱ्याची काही चूक नाही, आपल्या शिवाजी मंदिरच्या बोर्डावर "रवि. दु. 4" लिहिणारा तरी साल कशाला लिहील? ज्याला परवा नाटक बघायचंय त्याला साल माहीतच असतं. पंचाईत आपली होते, ऐंशी वर्षांनी.

मी लंडनला आल्यापासून, म्हणजे सोळा वर्षं झाली, हे उद्योग करतोय. बायकोच्या मते रद्दी आहे.

1. हद्द ठरवा

एक थिएटर घ्या, किंवा एक नट, किंवा एकच नाटक. "ब्रिटिश थिएटर" असा संग्रह नसतो, तो ढीग असतो. नुसतं अगाथा ख्रिस्तीचं "द माउसट्रॅप" हे रहस्यनाट्य घेतलंत तरी आयुष्य जाईल, 25 नोव्हेंबर 1952 ला लंडनच्या अँबॅसेडर्स थिएटरला लागलं, मार्च 1974 मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्सला हललं, मधे कोविडने पडदा पाडला तेवढाच, पण तेच नाटक आजही चालू आहे आणि नटसंच किती वेळा बदलला याला तर हिशोबच नाही. रिचर्ड ॲटनबरो आणि शीला सिम असलेला पहिल्या संचाचा प्रोग्राम सगळ्यांना हवा असतो, 1970 च्या दशकातले कुणी विचारत नाही. मग तेच घ्या की. माझं स्वतःचं वेड म्हणजे लंडनबाहेरच्या गावांतली व्हरायटी थिएटरं, म्हणजे गाणी, विनोद, कसरती असा मिसळ कार्यक्रम करणारी, साधारण 1930 ते 1960.

2. कुठे मिळतात

लंडनमध्ये सेसिल कोर्टची गल्ली, वॉटर्लू पुलाखालचा जुन्या पुस्तकांचा बाजार, कुठल्याही गावातली चॅरिटी शॉप्स (दान आलेल्या जुन्या वस्तू विकणारी दुकानं), आणि ईबे. सुटा प्रोग्राम घेण्यापेक्षा लॉट, म्हणजे एकत्र विकायला काढलेला गठ्ठा, घ्या. भारतात बसून मागवणार असाल तर पोस्टेज मालाहून जास्त होतं, इथे कुणी मावशी-काका असेल तर त्यांच्याकडे साठवून ठेवायला सांगा.

कुणी हसलं तर गॅब्रिएल एंथोव्हेन बाईंचं नाव सांगायचं. त्यांनी 80,000 च्या वर प्लेबिलं (नाटकाच्या जाहिरातीचे छापील कागद) आणि प्रोग्राम जमवले होते आणि 1911 पासून म्युझियमवाल्यांच्या मागे लागल्या होत्या की नाटकाचा वेगळा विभाग काढा म्हणून, शेवटी 1924 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्यांचा संग्रह घेतला. आज तिथला थिएटरचा विभाग त्यावर उभा आहे.

3. साल ओळखणं

इथेच सगळे आपटतात, मीही आपटलोय, चाळीस पौंडांना. म्हणून सावकाश सांगतो.

पहिलं काम, वार आणि तारखेची जोडी घ्या आणि ती कुठल्या कुठल्या वर्षी जमते ते काढा. जोडी 5, 6 नाहीतर 11 वर्षांनी परत येते. माझ्या त्या चाळीस पौंडांच्या प्रोग्रामवर होतं सोमवार, 6 ऑक्टोबर. म्हणजे 1930, 1941, 1947, 1952, 1958 किंवा 1969. बघा, उत्तर नाही मिळालं, संशयितांची यादी मिळाली. आता एकेकाला सोडत जायचं.

त्यासाठी प्रोग्राममधला सगळ्यात बारीक टाइप वाचायचा, जो कुणीच वाचत नाही. तिकिटाचे दर शिलिंग-पेन्समध्ये असतील तर 15 फेब्रुवारी 1971 च्या आधीचा, कारण त्या दिवशी इंग्लंडचं चलन दशमान झालं. दराशेजारी "करासहित" असं असेल तर 1916 ते 1957, तेवढीच वर्षं नाटकावर करमणूक कर होता. प्रोग्रामच्या शेवटी राष्ट्रगीत असतं, त्यात राजा आहे की राणी ते बघा, जॉर्ज सहावा 6 फेब्रुवारी 1952 ला गेला आणि राणी आली. लंडनचा असेल तर अजून मजा आहे, पत्त्यातल्या पोस्टाच्या विभागात नुसतं डब्ल्यू.सी. आहे की डब्ल्यू.सी. 2, कारण पोस्टाने ते आकडे 1917 ला जोडले. फोन नंबरात एक्स्चेंजच्या नावाची अक्षरं असतील तर सहसा 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धाच्या अलीकडे येत नाही, नुसते आकडे 1966 पासून यायला लागले. आग लागली तर स्टेजसमोर सोडायच्या पडद्याबद्दल आणि दारांबद्दल जी सक्तीची नोटीस असते तिच्याखाली लंडन काउंटी कौन्सिल की ग्रेटर लंडन कौन्सिल, तेही बघा, ही अदलाबदल 1 एप्रिल 1965 ची.

थिएटरचं नावसुद्धा घड्याळच असतं. लंडनमध्ये आज ज्याला गिलगुड थिएटर म्हणतात ते 1909 ते 1994 ग्लोब होतं आणि त्याआधी हिक्स. आजचं नोएल कावर्ड 1973 पर्यंत न्यू थिएटर, मग 2006 पर्यंत ऑल्बरी. त्यामुळे ग्लोबचा प्रोग्राम हातात आला की तो शेक्सपिअरच्या नदीकाठच्या ग्लोबचा आहे असं सांगणारे विक्रेते भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

आता माझी गोष्ट. प्रोग्राम व्हरायटीचा होता, एक पातळसा कागद मधे घडी घातलेला, एवढंच. दर "करासहित", म्हणजे 1958 आणि 1969 गेले. राष्ट्रगीतात राजा, म्हणजे 1952 गेलं. उरले तीन, 1930, 1941, 1947. विकणारा म्हणाला कागद बघा ना किती पातळ, युद्धाचाच आहे. मी कागद बघितला, मग वेळ बघितली, पहिला खेळ सव्वासहाला, आणि मला आठवलं की युद्धात ब्लॅकआउटमुळे, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने रात्री दिवे झाकून ठेवायचे त्यामुळे, नाटकं लवकर सुरू करायचे. झालं, माझं ठरलं, 1941. युद्धाचा म्हणून भाव तिप्पट, आणि मी आनंदाने दिला.

दोन्ही खुणा खोट्या होत्या. कागदाची टंचाई युद्ध संपल्या संपल्या संपली नाही, पुढेही बरीच वर्षं प्रोग्राम असेच हडकुळे निघायचे. आणि सव्वासहाचं म्हणाल तर व्हरायटी थिएटरात रोज दोन खेळ असायचे, साधारण सव्वासहा आणि साडेआठ, युद्ध असो नसो. ती खूण सरळ नाटकाला लागू पडते, व्हरायटीला नाही, आणि हे मला माहीत असायला हवं होतं कारण मी तेच तर जमवतो! शिवाय युद्धातल्या प्रोग्रामात बहुतेक वेळा एक नोटीस असते, हवाई हल्ल्याचा इशारा झाला तर प्रेक्षकांना स्टेजवरून सांगितलं जाईल, ज्यांना जायचंय त्यांनी शांतपणे जावं वगैरे. माझ्यात नव्हती. नोटीस नाही म्हणजे युद्धाचा नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही, पण शंका यायला हवी होती ना. नाही आली, कारण मला तो युद्धाचाच हवा होता.

सोडवणूक झाली ती वर्तमानपत्रात. "द स्टेज" हे साप्ताहिक 1880 पासून निघतंय आणि जुने अंक स्कॅन केलेले आहेत, गावोगावच्या पेपरांचंही तसंच, आणि इथल्या बऱ्याच सार्वजनिक लायब्ररीत जाऊन ते फुकट बघता येतात. थिएटरचं नाव आणि कार्यक्रमातलं तिसरं-चौथं नाव टाकून शोधायचं, सगळ्यात वरचं नाव टाकायचं नाही, कारण मोठे कलाकार त्याच गावात दर दोन वर्षांनी यायचे, पण एखादा सायकलवरचा कसरतवाला आणि एखादी बोलक्या बाहुलीवाली बाई त्याच आठवड्यात त्याच थिएटरात एकत्र, असा योग एकदाच येतो. मला दहा मिनिटं लागली. ऑक्टोबर 1947.

तेव्हा माझा नियम पक्का आहे. जाहिरातींवरून साल ठरवायचं नाही, सिगारेटची तीच जाहिरात आख्खा सीझन आणि पुढच्या सीझनलाही चालायची. नटाच्या फोटोवरून तर अजिबात नाही, नट मंडळी दहा वर्षं जुना फोटो देतात, तिकडेही आणि आपल्याकडेही. आणि कागदावरून ठरवणारा माणूस एकतर विकणारा असतो नाहीतर माझ्यासारखा.

4. नक्कल

व्हिक्टोरियन प्लेबिलांच्या नकला आठवण म्हणून ढिगाने छापल्या गेल्यात. भिंग लावा, अक्षरांत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर फोटोवरून छापलंय. सहीचंही तसंच, कागद तिरका धरून शाईची चमक आणि पेनचा दाब बघा.

5. ठेवणं

पीव्हीसीचे कव्हर नको, पॉलिएस्टरचे घ्या. गंजलेल्या पिना हळूच काढा. सेलोटेप लावणाऱ्याशी मी बोलत नाही.

एक मात्र नीट ऐका, प्रोग्राम उघडला की आतून चिठ्ठी पडते, आजच्या प्रयोगात अमुकची भूमिका तमुक करतील अशी. लोक ती कचरा समजून टाकतात. टाकू नका हो! त्या एका चिठ्ठीमुळे प्रोग्राम कुठल्या आठवड्याचा, कधीकधी कुठल्या संध्याकाळचा, ते कळतं. ज्या पानातून निघाली त्याच पानात परत ठेवा.

शोधलेलं साल लिहायचं तर मऊ पेन्सिलने, मागच्या पानाच्या कोपऱ्यात, आणि खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. माझ्या त्या चाळीस पौंडांच्या प्रोग्रामवर विकणाऱ्याने बॉलपेनने ठसठशीत 1941 लिहून ठेवलंय, ते काही निघत नाही.